ओळीनं अकरा एक

"मयुरेश, जरा बघतोस? ही संख्या मूळ आहे का ते."

शांताराम अण्णा खोलीच्या दारात कागद धरून उभे होते. कागदावर ओळीनं अकरा एक लिहिलेले. रिटायर झालेले गणिताचे मास्तर, कराडहून मयुरेशकडे, आपल्या मुलाकडे, चंदीगडला आलेले. अख्खा हिवाळा गॅलरीतल्या उन्हात बसून त्यांनी त्या संख्येला भागून पाहिलं होतं. मयुरेशला हे नेहमीचं झालं होतं. मोहालीच्या ऑफिसचा कॉल सुरू होता. त्यानं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

थोड्या वेळानं अण्णांनी पुन्हा विचारलं, "पाहिलंस?"

"हो अण्णा, कॉम्प्युटरवर तपासलं. मूळच आहे, पक्की. कशानंच भाग जात नाही."

"बरं," अण्णा म्हणाले आणि कागदाची घडी करत निघून गेले.

त्यानं काहीच तपासलं नव्हतं.

रविवारी मराठी मुलांच्या वर्गात अण्णा हीच संख्या शिकवणार, असं बायकोनं, चित्रानं, सांगितलं तेव्हा तो चपापला. घाईघाईनं लॅपटॉप उघडून त्यानं संख्या टाकली. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं. भाग जात होता. मूळ संख्या नव्हतीच ती.

सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे खोटं बोललो हेही आलंच. रविवारचा नाश्ता झाला, गाडी निघाली, सिग्नलमागून सिग्नल गेले. तो नुसता गाडी चालवत राहिला.

वर्गात फौजी अधिकाऱ्यांची मुलं सतरंजीवर बसली होती. अण्णांनी फळ्यावर अकरा एक काढले. मयुरेश मागच्या भिंतीला टेकून उभा होता. आपल्या बापाचं आता पोरांसमोर हसं होणार, आणि तेही आपल्यामुळे.

"दिसायला अभेद्य वाटते ना?" अण्णा म्हणाले. मग त्यांनी खाली सावकाश लिहिलं: २१६४९ × ५१३२३९.

मुलांनी मोबाइलवर गुणून पाहिलं आणि एकच कल्ला केला. पुढं बसलेल्या अक्षरा नावाच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, ये आपने निकाला?"

"नाही गं. माझ्या मुलानं. तो बघ, मागं उभा आहे."

सगळी मुलं वळून टाळ्या वाजवू लागली. मयुरेशला मान वर करवेना.

वर्ग सुटल्यावर पायरीवर बसून अण्णा बूट घालत होते. तो शेजारी टेकला.

"अण्णा, मी त्या दिवशी तपासलंच नव्हतं. खोटं बोललो."

"ठाऊक आहे," नाडी बांधत अण्णा म्हणाले. "उत्तर सापडलं म्हणूनच तर तुझ्या दारात आलो होतो. म्हटलं, ते शोधल्याचा आनंद तुला मिळू दे."