ट्रॅम्पोलिनवरची पंचमी

लग्नानंतरची पहिलीच पंचमी, आणि रजा न मिळाल्यानं प्रियंकाचं माहेर हुकलं. गल्लीत झोका बांधायला झाड उरलेलं नाही, म्हणून साऱ्याजणी लेकरांसकट सात रस्ता चौकातल्या प्ले पार्कात जमल्या होत्या. प्रियंका मात्र कोपऱ्यात हिरमुसून बसलेली. सासू केराबाईनं लुगड्याचा पदर खोचला, तिथल्या नियमापायी जन्मातले पहिले पायमोजे चढवले आणि तिला ओढतच ट्रॅम्पोलिनवर नेलं. "चल, फुगडी घालू. माहेरात म्हणत्यात तसलं गाणं म्हण की!" प्रियंका बावरली. "आत्या, माहेरच्या फुगडीत सासूलाच नावं ठेवत्यात." "ठेव की! आज मीच तुजं माहेर." पाय उसळले, गिरकी रंगली, आणि तिच्या तोंडून निसटलंच, "चहा गं चहा, निस्तं पाणी पाहा, सासूच्या साखरेला कुलपं दहा!" बायकांनी पदर तोंडाला लावले. केराबाईनं गिरकी न मोडता हसत सुनावलं, "घे गं किल्ल्या, उद्यापासनं तूच उकळ चहा!"