विसाव्यातली बोटं

"मूठ वळा, काका," डॉक्टर नाझनीन पुन्हा म्हणाल्या. लग्नकार्यांत स्वयंपाक करणाऱ्या श्रीपाद आचाऱ्यांनी सगळा जीव एकवटला. पण पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या उजव्या हातावरचा यांत्रिक मोजा हलला नाही. मेंदूच्या लहरी टिपून मोज्याला कळवणाऱ्या डोक्यावरच्या टोपीला मेंदूचा हुकूम सापडतच नव्हता.

"मग हुकूम देऊच नका, नुसते बसा," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू रिकामा असला तरी जुन्या सवयीच्या लहरी उठवत असतो. मोजा आता त्या ऐकेल."

श्रीपादांना ते पटलं नाही. ते शेजारी बसलेल्या बायकोशी, इंदुमतीशी, भाचीच्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यांवर बोलत बसले. मध्येच इंदुमती थबकली. "अहो, तुमची बोटं!"

मोदकाच्या कळ्या पाडाव्यात तशी बोटं हवेत चिमटे घेत होती. श्रीपादांनी चमकून पाहिलं आणि हात थांबला.

दुसऱ्या दिवशी इंदुमतीने उकड आणि सारण आणलं. त्यांच्या डाव्या तळव्यावर भरलेली पारी ठेवून ती म्हणाली, "हाताकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघा. मग व्याही काय म्हणाले?"

श्रीपादांनी हसत गोष्ट सांगितली, मुद्दाम लांबवून. ती संपली तेव्हा तळव्यावर मोदक होता, जरा वाकडाच.

"दुसरी पारी ठेव," ते खांद्याला डोळे पुसत म्हणाले, "आणि आता तू बोल."