गप्प पडलेला आधी

वऱ्हाडाचा टेम्पो वळणावर उलटला होता. रुग्णवाहिकेतून उतरलेल्या डॉक्टर सुलक्षणाला पहिला आवाज ऐकू आला तो सख्ख्या भावाचा. "अक्का, पाय गेला माझा! इकडं ये!"

ती त्याच्याकडे गेली नाही. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प पडलेल्याकडे आधी जायचं, हे ती आठ वर्षं नव्या डॉक्टरांना शिकवत आली होती. सनईवाला म्हातारा रस्त्याकडेला निपचित पडला होता. त्याच्या तोंडातलं रक्त काढून, जबडा पुढे ओढून तिने श्वासाची वाट मोकळी केली.

"ओ बाई, तुमचाच भाऊ हाय न्हवं त्यो?" गर्दीतलं कुणीतरी खेकसलं.

भाऊ आता तिला शिव्या देत होता. वैरीण म्हणाला, कैदाशीण म्हणाला. सुलक्षणाने मान वर केली नाही. शिव्या ऐकू येत होत्या तोवर तिचे हात स्थिर होते.

म्हातारा खोकला, श्वास घेऊ लागला. तिने हुश्श केलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की शिव्या थांबल्या आहेत.

पेटी उचलून ती भावाकडे धावली. नियमाने आता त्याचा नंबर पहिला होता.