मांडीवरची जागा

धुळे स्टँडवर माणसं रिकामी एसटी शोधत धावतात. कमलबाई मात्र डोळे दाखवायला जळगावला निघाली, की रिकामी गाडी जाऊ देते आणि बाजारकऱ्यांनी खच्चून भरणारी गाडी धरते. खिडकीतून पिशवी टाकून जागा पकडते. तीही खिडकीजवळची नाही, उभ्या माणसांच्या बाजूची.

"अक्का, आधीच्या गाडीत पाय पसरून गेल्या असत्या," कंडक्टर नजीर चिडवत म्हणाला.

"पाय पसराले मनं सारं घर मोकळं शे, भाऊ."

तिचा हिशेब पक्का होता. गाडी भरली, की कडेवर लेकरू घेतलेली एखादी बाई उभी राहतेच, आणि उभी बाई बसलेलीच्या मांडीवर लेकरू देतेच. ओळखपाळख कोणी विचारत नाही. आजही धुळं सुटायच्या आत एक पोर तिच्या मांडीवर आलं, आणि मुकटी गावाच्या पुढे तिचं बोट धरून झोपूनही गेलं.

पारोळ्याला त्याच्या आईने हात पुढे केले. "द्या अक्का, आमनं गाव उनं."

कमलबाईने लेकरावर पदर सारखा केला. "झोपेल शे, उठाडू नको. चाल, मी बी आठेच उतरस."

 

जळगावचं तिकीट नजीरनेच फाडून दिलं होतं; तरी ती लेकरू घेऊन सावकाश उतरेपर्यंत त्याने घंटीची दोरी ओढली नाही.