दहाव्याचे केस

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर न्हाव्याने वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि शार्दूलच्या डोक्यावरचा टॉवेल काढला. तो थबकला.

"घरीच करून आलात होय? वडलांसाठी केस इथं नदीवर द्यायचे असतात."

"करून नाही आलो," शार्दूल म्हणाला. "मला येतच नाहीत."

न्हाव्याने नीट पाहिलं. भुवया नाहीत, पापण्या नाहीत, हातावर साधी लव नाही.

"पोहणारे का तुम्ही?"

शार्दूलने होकारार्थी मान हलवली. शाळेत असतानाच बाबा त्याला इंजेक्शनला घेऊन गेले होते. दर शर्यतीआधी अंग भादरायची कटकट नको, केस कायमचे मुळासकट जातील, पाणी अंगावरून नुसतं सटकेल. वर्षभरात तलावावरच्या सगळ्याच बापांनी आपापली पोरं नेली. सगळीच गुळगुळीत झाली आणि शार्दूल पुन्हा होता तिथेच, पाचवा आला.

"नुसता वस्तरा फिरव रे," काका न्हाव्याला म्हणाले. "शास्त्रापुरता."

वस्तरा टाळूवरून फिरला. खाली काहीच पडलं नाही.

मग धाकटा सारंग बसला. त्याला पाण्याची भीती, म्हणून बाबांनी त्याचा नाद केव्हाच सोडला होता. दाट केसांचे झुबके मांडीवर पडायला लागले तसा तो हुंदके देऊन रडू लागला.

शार्दूलने वाकून त्यातला एक झुबका उचलला आणि मुठीत धरून नदीकडे वळला.

"ठेव ते खाली," काका म्हणाले. "त्याचे आहेत ते."