शून्य दुरुस्त्या

"महिन्यात दुरुस्त्या किती केल्या?" मनुष्यबळाची पाहणी करायला महामंडळाकडून आलेल्या साहेबांनी तक्त्यावर पेन टेकवत विचारलं.

"एकही नाही, साहेब!" रंगनाथ छाती फुगवून म्हणाला. बावीस वर्षं त्याने गावाला पाणी देणारा पंप पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. पंपाचा आवाज जरा बदलला, की तो भरल्या ताटावरून उठायचा.

"म्हणजे काम शून्य." साहेबांनी आकडा लिहिला. "शेजारच्या गावचा ऑपरेटर महिन्याला चौदा दुरुस्त्या करतो. तुमची जागा जादा दिसतेय. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू."

साहेबांची जीप गेली. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर रंगनाथने पाना उचलला. पंपाचा एक घट्ट बसलेला नट त्याने सैल केला.

पुढच्या पाहणीत त्याच्या नावापुढे एकोणीस दुरुस्त्या लागल्या. महामंडळाच्या वर्धापनदिनी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून त्याला शाल-श्रीफळ मिळालं. साहेबांनी स्वतः पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"वहिनी नाही आल्या सत्काराला?"

"येणार होती, साहेब," बाटलीकडे बघत रंगनाथ म्हणाला, "पण सकाळपासून टँकरच्या रांगेत उभी आहे."