झोपेआधीचा प्रश्न

सुकरामचे तोंड बोटभरही उघडत नव्हते. दाढेखाली साचलेल्या पुवाने जबडा दगडासारखा झाला होता. खांडबाऱ्याच्या मिशन दवाखान्यातील लाकडी मेजावर तो आडवा पडला होता. उशाशी बायको मार्था, पायथ्याशी प्रार्थनेसाठी आलेला ख्रिस्ती मंडळीचा पुढारी उदेसिंग.

"काही खाल्लं का यानं?" डॉक्टरांनी विचारले.

"कालपाईन पानीबी उतरत नही," मार्था म्हणाली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मग त्याला बोटे पसरायला लावून त्यांची थरथर पाहिली.

"दारू घेतोस?"

सुकरामची नजर उदेसिंगच्या हातातील गीतपुस्तकावर जाऊन थांबली. पिणाऱ्याला मंडळीत प्रभुभोजनाची पवित्र भाकर मिळत नसे. त्याने नकारार्थी मान हलवली.

"नीट ऐक. पू काढायला तुला झोपवून चिरावं लागेल. रोज पिणाऱ्याला क्लोरोफॉर्मची झोप सहज लागत नाही. मात्रा वाढवावी लागते, आणि वाढवता वाढवता एखाद्याचा श्वास थांबतो. पुन्हा विचारतो."

मान पुन्हा हलली.

"आमना माणूस शे साहेब," उदेसिंग म्हणाला, "बाप्तिस्मा लेयेल. हाऊ कसाले पेई?"

डॉक्टरांनी नाकातोंडावर धरायच्या तारेच्या मुखवट्यावर कापड पसरले. बाटलीचे बूच निघाले. एक गोड, परका वास खोलीत उतरू लागला. कुणीही न पाहिलेल्या ऋतूसारखा. सुकराम मार्थाकडे पाहत होता. त्या डोळ्यांत विनवणी होती, आणि धाकही.

खाली येणारा मुखवटा तिने हाताने अडवला.

"पेस तो. रोज. मोहानी दारू घरमा मीच गाळस."

सुकरामने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी बाटलीला बूच लावले. "मग झोप नाही. जबड्याखाली बाहेरूनच चिरावं लागेल, जागेपणी. पाय धरायला कुणीतरी हवं."

उदेसिंगने गीतपुस्तक खिडकीत ठेवले आणि सुकरामच्या पोटऱ्या घट्ट दाबून धरल्या. मार्थाने त्याच्या कपाळावर हात ठेवला. सुकरामने तो झटकला. तिने पुन्हा ठेवला.

सुरी आत गेली. किंकाळीला बाहेर पडायला तोंडच नव्हते. ती नाकातून, घशातून, साऱ्या अंगातून घुमत राहिली. मग पू वाहिला.

"रविवारले मंडळीमा दोन्ही मांगे बठा, प्रभुभोजन नही," पाय न सोडता उदेसिंग म्हणाला.

सुकरामची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मार्था तिकडेच पाहत होती.

"दोन्ही बठसूत," ती म्हणाली.